जान्हवीच्या हाताची गिटार

समीक्षा दिवसभर खोट्या वस्तू बनवायची. अंधेरीच्या एका स्टुडिओत सेट उभे करणाऱ्यांच्या टोळीत ती होती. थर्माकोलचे देवळाचे खांब, प्लायच्या तिजोऱ्या, कुणाच्या डोक्यात घातल्या तरी लागू नयेत अशा खुर्च्या. शूटिंग संपलं की सगळं मोडून टेम्पोत भरायचं. त्याचं तिला वाईट वाटायचं नाही, कामच तसं होतं. पण संध्याकाळी वर्सोव्याच्या कोळीवाड्यात घरी आली की चहा घेऊन ती थेट मागच्या खोलीत जायची. तिथलं काम मोडायचं नव्हतं.

ही खोली पूर्वी जाळ्यांची. तिचे वडील महादू यांनी गुडघ्यांमुळे मासेमारी सोडली, जाळी पुतण्याला दिली आणि खोली रिकामी झाली. होडीही जुनी झाली होती. ती कुणी घेईना, तेव्हा किनाऱ्यावरच तिच्या फळ्या सुट्या केल्या. पुढच्या टोकाजवळच्या, पाण्याच्या वर राहिलेल्या सागाच्या दोन फळ्या महादूने घरी आणून भिंतीला टेकवून ठेवल्या. कशाला, ते त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

जान्हवी समीक्षाची कॉलेजपासूनची मैत्रीण. वाकोल्याला राहायची. तिचे आजोबा गिरणीत होते, वडील बँकेत लागले आणि घरात गाण्याचा गंध नसताना ही मुलगी गिटार घेऊन गाणी रचायला लागली. कॉलेजच्या कार्यक्रमांत जान्हवी स्टेजवर असायची आणि समीक्षा खाली, वायरींच्या गुंत्यात. समीक्षाला गाता येत नव्हतं, पण कान तिखट होता. तिथूनच ती तीन बोटं खाली करून खुणावायची, की तिसरी तार उतरली आहे. जान्हवी गाणं न थांबवता खुंटी पिळायची. लोकांना कळायचंसुद्धा नाही. दोघींचं असं होतं.

मग एक दिवस इमारतीच्या जुन्या लिफ्टच्या जाळीच्या दरवाज्यात जान्हवीचं डाव्या हाताचं बोट सापडलं. करंगळीशेजारचं. वरचं पेर गेलं. जखम भरली, पण गिटारच्या तारांवर ते आखूड बोट पोचेना. बाकीची तीन बोटं ताणून वाजवायला गेली की मनगटातून कळ यायची. तिने गिटार विकून टाकली आणि एका जाहिरात कंपनीत नोकरी धरली.

"संपलं ते," ती समीक्षाला म्हणाली. "आता नको ना तो विषय."

"गिटारच्या मापाला तुझा हात बसत नाही ना? मग तुझ्या हाताच्या मापाची गिटार बनवू."

"येडी आहेस काय गं? तू कारखाना आहेस?"

समीक्षा कारखाना नव्हती. पण लाकूड तिला कळत होतं. लहानपणी होडीची डागडुजी चालायची, तेव्हा ओल्या गोणपाटात गुंडाळलेली फळी जाळावर धरून बाप ती कशी हळूहळू वळवतो, हे तिने शेजारी बसून पाहिलं होतं. तिने भंगारातून एक फुटकी गिटार आणली आणि तिचं पोट उघडून आत काय असतं ते पाहिलं. वरच्या पातळ पाटीला आतून पट्ट्या चिकटवलेल्या असतात. तारांचा सगळा ताण त्या पट्ट्या पेलतात. जाड केल्या तर गिटार मुकी होते, बारीक केल्या तर पाटी खचते. सगळी गंमत त्या दोन्हीच्या मध्ये कुठेतरी.

पहिली गिटार खचली. तारा चढवल्यावर आठवड्याभरात पाटी मधोमध खाली बसली, तव्यासारखी. दुसरी खचली नाही, पण आवाज असा की बिस्किटाचा डबा वाजवावा. वर्सोव्याची हवा खारी आणि ओलसर. लाकूड फुगायचं, सांधे सुटायचे. शेवटी तिने एका जुन्या कपाटात बल्ब लावून लाकडं वाळवायची सोय केली. खोलीत ती वाकून, श्वास धरून घासत असायची आणि महादू उंबऱ्यावर बसून बघत असायचा.

"काय गो," तो एकदा म्हणाला, "ही होरी पान्यान घालाची का वाजवाची?"

"वाजवायची, बाबा."

तो उठला, भिंतीला टेकवलेल्या त्या दोन फळ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "मंग ही घे. ही सुकलेली हाय. आता फुगाची नाय."

ओशिवऱ्याच्या करवतवाल्याकडून तिने त्या फळ्या चिरून पातळ करून आणल्या. आतून साग मधासारखा निघाला. एका ठिकाणी खिळ्याच्या गंजाचा काळा डाग खोल उतरला होता. तो तिने मुद्दाम ठेवला, गिटारच्या पाठीवर, अगदी मधे.

तिसऱ्या गिटारच्या वेळी जान्हवी जवळजवळ दर रविवारी यायची. लोखंडी नळीत गॅसची ज्योत सोडून समीक्षा त्या नळीवर गिटारच्या कडेची ओलसर पट्टी दाबायची, लाकडाचा वास सुटायचा आणि पट्टी एका क्षणी हट्ट सोडून वळायची. जान्हवी टाळ्या पिटायची. महादू बायकोला तिच्यासाठी बोंबील तळायला सांगायचा. गिटारच्या मानेचा आकार ठरवायची वेळ आली, तेव्हा समीक्षाने गणपतीच्या कारखान्यातून शाडूचा गोळा आणला. काठीभोवती तो लिंपून जान्हवीच्या हातात दिला.

"धर. वाजवतेस तशी धर. ते बोट विसर."

जान्हवीने धरलं. डोळे मिटून ती मनातल्या मनात काहीतरी वाजवत राहिली. माती सुकल्यावर तिच्या अंगठ्याचा खळगा आणि तळव्याचा उंचवटा जसेच्या तसे उमटले. त्या मातीवरून समीक्षाने मान कोरली. एका बाजूला जाड, दुसरीकडे उतरती, नेहमीपेक्षा आखूड. तारा आखूड झाल्या, तर आवाज दबतो. म्हणून पाटीच्या आतल्या पट्ट्या तिने नेहमीच्या रचनेत न लावता तिरक्या, एका अंगाला मोकळ्या अशा लावल्या. हे तिने कुठे पाहिलं नव्हतं. बोटाच्या पेराने पाटीवर टिचकी मारायची, ऐकायचं, पुन्हा थोडं तासायचं. कितीतरी संध्याकाळी नुसत्या टिचक्या मारण्यात गेल्या.

गिटार तयार झाली. जान्हवीने ती मांडीवर घेतली, एक सूर छेडला, मग दुसरा, मग एकदम पूर्ण चाल. आखूड बोट खाली आलं आणि तारेवर बसलं. तिने मान वर केली तर डोळे भरलेले. तिने समीक्षाच्या खांद्यावर डोकं टेकलं. उंबऱ्यावरून महादू म्हणाला, "वाजली गो वाजली!" आणि बराच वेळ हसत राहिला.

त्यानंतर जान्हवीचं बरं चाललं. तिची गाणी मोबाइलवर लोक ऐकू लागले, छोट्या कार्यक्रमांची बोलावणी आली, मग मोठ्या. नोकरी सुटली. रविवारचं येणं कमी झालं, ते समीक्षाने समजून घेतलं. माणूस कामात असतो. पण पावसाळा तोंडावर आला तेव्हा तिने फोन केला.

"गिटार आणून टाक एकदा. हवा बदलतेय. तारांची उंची बघते."

"आणते गं. सध्या बाहेर दुसरीच नेते ना मी, विमानात भीती वाटते. ती घरी कपाटात आहे, एकदम सेफ."

पुढच्या महिन्यात विचारलं तर उत्तर तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात जान्हवीने फोन उचलला नाही, नुसता हसरा चेहरा पाठवला. समीक्षाला काही वाटलं नाही असं नाही. वाटलं, पण तिने ते बाजूला सारलं.

दिवाळीनंतर गिटारच्या मानेवर आडवी बसवायची फ्रेटची तार घ्यायला ती सांताक्रूझला वाद्यांच्या दुकानात गेली. तार मापून घेताना भिंतीवर टांगलेल्या एका नव्याकोऱ्या गिटारकडे तिचं लक्ष गेलं. मान जरा आखूड दिसली.

"बघू का?" तिने विचारलं.

"बघा ना. नवीन आली आहे, झकास चाललीय."

तिने गिटार हातात घेतली. डावा अंगठा मानेच्या मागे गेला आणि आपोआप एका खळग्यात जाऊन बसला. समीक्षा तशीच उभी राहिली. पुन्हा अंगठा काढला, पुन्हा ठेवला. तोच खळगा, तोच उतार, मान फक्त थोडी रुंद. मग तिने पाटीवर टिचकी मारली. टिचकीचा आवाज तिच्या खोलीतला होता.

"जान्हवी मॉडेल," दुकानदार सांगत होता. "त्या गातात ना, त्यांचं बोट तुटलंय. तर त्यांनी स्वतःच्या हाताला बसेल अशी डिझाइन केली. स्वतः, हां. बोरिवलीची कंपनी बनवते."

"स्वतः?"

"हो ना. मुलाखत आहे त्यांची. लावू?"

त्याने फोनवर लावली. पडद्यावर जान्हवी छान दिसत होती. ती सांगत होती की बोट गेलं तेव्हा मी हरले नाही, मी शाडूची माती घेतली आणि तिला माझी पकड दिली. पुढे ती हसून म्हणाली, की लाकडाचं मला काय कळत होतं, पण शिकले हळूहळू.

समीक्षाने गिटार भिंतीवर परत लावली. ती खाली पडू नये म्हणून दोनदा तपासलं. फ्रेटची तार काउंटरवरच राहिली.

दुकानातून वाकोल्याला जायला रिक्षाने फार वेळ लागत नाही. पूल ओलांडेपर्यंत तिने मनात जान्हवीच्या बाजूने किती तरी कारणं तयार केली. कंपनीने बोलायला लावलं असेल. मुलाखतीत काटछाट केली असेल. तिचं नाव घेतलं असेल आणि त्यांनी ते उडवलं असेल. दारावरची घंटा वाजवली तेव्हा तिला जवळजवळ खात्री होती की असंच काहीतरी निघणार.

जान्हवीने दार उघडलं आणि समीक्षाचा चेहरा पाहूनच सगळं ओळखलं.

"मी सांगणारच होते तुला," ती म्हणाली.

"कधी?"

"आत तर ये. ऐक ना, समी. त्यांना एकच गोष्ट हवी होती. एक मुलगी, तिचं तुटलेलं बोट, तिची गिटार. दुसरी मुलगी आली की गोष्ट भरकटते, असं ते म्हणाले."

"असं ते म्हणाले?"

जान्हवी दाराची कडी चाळवत राहिली.

"का तू म्हणालीस?"

"आणि तुला कुठे हवं असतं गं पुढे यायला? कॉलेजपासून तू मागेच असतेस. तुला आवडतं ते. मी म्हटलं, तुला काय फरक पडणार आहे?"

खरंच समीक्षाला पुढे यायचं नव्हतं. पण मागे उभं राहणारं माणूस तिथे असतं तरी. हिने तिला तिथूनही पुसून टाकलं होतं. एवढं मोठं वाक्य त्या वेळी तिच्या तोंडून येणं शक्य नव्हतं. तिने एवढंच विचारलं, "गिटार कुठे आहे? दे. घेऊन जाते मी."

जान्हवी खिडकीकडे बघत राहिली.

"जान्हवी, गिटार."

"नाहीये इथे. त्यांच्याकडे आहे. त्यांना आतलं नीट दिसत नव्हतं गं. आरसा घालून बघितलं, कॅमेरा घालून बघितलं, पट्ट्यांची जाडी कळेना..."

"मग?"

"कापली."

हा शब्द ती इतक्या हळू बोलली की समीक्षाने पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा तो ऐकल्यावर ती जिन्याने खाली आली. लिफ्ट वर उभी होती, पण ती जिन्याने आली.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओला दांडी मारून ती बोरिवलीला गेली. कंपनी म्हणजे औद्योगिक वसाहतीतला एक मोठा गाळा होता, ओळीने मशीन, भिंतीवर साचे. तिथलं काम बघणारा हर्षद नावाचा माणूस तिच्याच वयाचा असावा. ती गिटार मी बनवली आहे, असं तिने सांगितलं तेव्हा त्याने आधी तिच्याकडे आणि मग तिच्या हातांकडे पाहिलं. नखांत भुसा, अंगठ्यावर पटाशीचे जुने वार.

"त्या म्हणाल्या होत्या, एका सुताराकडून करवून घेतली," तो म्हणाला. "समोर बसून."

"समोर बसायची ती. ते खरंय."

हर्षद आत जाऊन एक खोका घेऊन आला. वर्तमानपत्राच्या कागदात दोन तुकडे होते. गिटार उभी चिरली होती, मधोमध, मानेच्या बुडापासून खालच्या टोकापर्यंत. यंत्राच्या पात्याने काम केलं होतं, त्यामुळे कड अगदी स्वच्छ होती. होडीच्या खिळ्याचा काळा डाग निम्मा इकडे, निम्मा तिकडे.

"मी दोनदा विचारलं त्यांना," हर्षद म्हणाला. त्याला सांगितल्यावाचून राहवेना. "असं काम पुन्हा हातात येत नाही, हे मला दिसत होतं. म्हटलं, मॅडम, नको कापायला, आपण अंदाजाने करू. त्या म्हणाल्या, कापा हो. मला दुसरी बनवून मिळेल."

समीक्षाने खोका बंद केला. रडू आलं नाही. मुलाखतीतलं खोटं तिने एक वेळ गिळलं असतं. पण मला दुसरी बनवून मिळेल, हे जान्हवीने खोटं म्हटलं नव्हतं. अगदी मनापासून, भरवशाने म्हटलं होतं. ही आहेच, ही पुन्हा बनवेल, हिला काय. तो भरवसा तिनेच तर दिला होता.

"तुमचं नाव लावायचं का आम्ही? बोलू का वर?" हर्षदने विचारलं.

"नको. मान तुम्ही रुंद केलीय."

"सगळ्यांच्या हातांना चालायला हवी ना."

"तेच म्हणतेय. ती माझी नाही."

घरी महादूने दोन्ही तुकडे हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले. फळी कुठली ते त्याला सांगावं लागलं नाही. कापलेल्या कडेवरून त्याने बोट फिरवलं. "वादळान फुटली असती तं काय वाटला नसता," तो म्हणाला आणि उठून बाहेर समुद्राकडे निघून गेला. जेवायच्या वेळेपर्यंत आला नाही.

पुढचे काही महिने समीक्षा मागच्या खोलीत गेली नाही. स्टुडिओतून आली की टीव्ही बघायची, मासळी विकणाऱ्या आईला बाजारात मदत करायची. जान्हवीचे मेसेज आले, आधी लांबलचक, मग छोटे, मग बंद झाले. एकदा गल्लीत कुणाच्या तरी हळदीला जान्हवीचं गाणं लावलं होतं. समीक्षा तिथे वाढत होती. तिने भाताचं पातेलं खाली ठेवलं नाही. पंगत पूर्ण वाढली, मग घरी आली.

मार्चमध्ये एका दुपारी जान्हवी आली. समीक्षा पायरीवर कोलंबी सोलत बसली होती. जान्हवी वाळली होती. डाव्या मनगटाला पट्टा बांधलेला.

"बसू?" तिने विचारलं.

"बस ना."

ती पायरीवर बसली, पूर्वी बसायची तशीच, खांब पाठीला घेऊन. इतके दिवस आपण कशाची वाट बघत होतो, ते समीक्षाला तेव्हा कळलं. ती जान्हवीच्या येण्याची वाट बघत होती. हिने यावं, इथे बसावं, चुकले म्हणावं. तेवढंच. पुढचं सगळं समीक्षाने मनात कधीच माफ करून ठेवलं होतं.

"त्यांच्या गिटारने हाताची वाट लागली गं," जान्हवी म्हणाली. "मान रुंद आहे ना. दोन गाण्यांनंतर कळ येते. डॉक्टर म्हणतात, असंच वाजवत राहिले तर ऑपरेशन. डिसेंबरपर्यंत कार्यक्रम घेतलेत मी."

समीक्षा कोलंबी सोलत राहिली.

"तू बनवशील का परत? तुझं नाव सांगेन मी या वेळी, सगळीकडे. शप्पथ. हवं तर आत्ता व्हिडिओ करते."

तिने खरंच फोन बाहेर काढला.

समीक्षाने हातातली कोलंबी वाटीत टाकली. "एवढंच होतं?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"एवढ्यासाठी आलीस?"

जान्हवीला प्रश्न समजला नाही. ती गोंधळून बघत राहिली आणि हे सोंग नव्हतं, म्हणूनच समीक्षाला ते सहन होईना. समोर बसलेल्या माणसाला खरोखरच दुसरं काही आठवत नव्हतं.

"नाही बनवणार," ती म्हणाली.

"सूड घेतेस?"

"नाही गं. माझ्याच्याने होणार नाही. तुझ्या हातासाठी टिचकी मारून ऐकायला बसले, तर मला आता काही ऐकू यायचं नाही."

"समी, माझा हात जाईल गं."

"तसली गिटार नको वाजवूस मग. गा नुसती. आवाज चांगला आहे तुझा."

हे तिने टोमण्यात म्हटलं नव्हतं. जान्हवी थोडा वेळ थांबली, कदाचित समीक्षा विरघळेल म्हणून, कारण याआधी दर वेळी ती विरघळली होती. मग उठली, ओढणी झटकली आणि कोपऱ्यावरच्या मासळी वाळवायच्या मांडवाला वळसा घालून निघून गेली.

महादू आतून ऐकत होता. तो दारात आला. "गेली?"

"गेली."

"चाय पन नाय दिली गो तिला?"

"नाय दिली, बाबा."

कुणी घरी आलं आणि चहा न घेता गेलं, असं त्या घरात आठवणीत घडलं नव्हतं. म्हातारा पायरीवर आला. तिच्या शेजारी गुडघे धरत, कण्हत बसला आणि वाटी पुढे ओढून कोलंबी सोलायला लागला. तेव्हा कुठे समीक्षाला रडू फुटलं. दुकानात, वाकोल्याला, बोरिवलीत, कुठेच न आलेलं सगळं एकदम आलं. हात कोलंबीने भरलेले, त्यामुळे डोळे पुसता येईनात. महादूने मान वळवली नाही. तो सोललेल्या कोलंबीचा काळा दोरा काढून टाकत राहिला आणि मधूनमधून कावळ्याला हाकलत राहिला.